हरलेल्या संघालाही पैसे मिळतात का? ई-स्पोर्ट्सचा करार सही करण्याआधी

माणकोली, दापोडे, काल्हेरच्या गोदामांत दिवसपाळी करायची आणि रात्री चौघांचं स्क्वॉड जमवून मोबाइलवर बीजीएमआय हा गेम खेळायचा, अशी मुलं भिवंडीत आता गल्लोगल्ली आहेत. या मुलांकडून, आणि त्याहून जास्त त्यांच्या आईवडिलांकडून, एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला जातो: ‘मुलाला एका ऑर्गने ऑफर दिली आहे. ते म्हणतात, बक्षीस सोडूनही लीगकडून संघाला पैसे येतात. हे खरं आहे का? आणि येत असतील तर ते मुलाला मिळणार की त्यांना?’

पैसे येतात, हे खरं आहे. पण बहुतेक वेळा ते आधी संघमालकाच्या, म्हणजे ऑर्गच्या, खात्यात जमा होतात, मुलाच्या नाही. गोंधळ होतो तो इथेच, आणि नुकसानही इथेच होतं.

हा हिशेब भिवंडीकरांना नवा वाटू नये. मजुरीवर माग चालवणाऱ्याला कापडाचा बाजार पडला तरी विणलेल्या मालाची ठरलेली मजुरी मिळायला हवी असते. स्वतःच्या सुतावर माग चालवणाऱ्याचं सगळं गणित बाजारभावावर. बक्षीस हे दुसऱ्या प्रकारचं उत्पन्न आहे. ठाण्याच्या दहीहंडीत गोविंदा पथकाने हंडी फोडली नाही तरी थर लावल्याबद्दल सलामीची रक्कम मिळते, ती पहिल्या प्रकारात मोडते. तुम्हाला शोधायचं आहे ते एवढंच, की तुमच्या स्पर्धेत सलामी आहे का आणि ती कोणाच्या हातात पडते.

आधी स्पर्धा ओळखा

‘लीग’ हा शब्द आपल्याकडे कशालाही लावतात. व्यवहारासाठी दोनच प्रकार लक्षात ठेवा.

पहिली खुली स्पर्धा. कोणीही नाव नोंदवतो, फेऱ्या पार करत वर जातो. क्राफ्टन कंपनीची बीजीएमआयवरची बीजीआयएस ही आपल्याकडची सर्वांत मोठी ओळखीची स्पर्धा. २०२४ साली तिची एकूण बक्षीस रक्कम २ कोटी रुपये होती, अंतिम फेरी हैदराबादला झाली आणि ‘टीम एक्सस्पार्क’ जिंकली. अंतिम फेरीत संघ असतात १६. खालच्या फेऱ्यांत मात्र हजारो स्क्वॉड खेळतात आणि पहिल्याच टप्प्यात बाहेर पडणाऱ्यांच्या हाती पैसे येत नाहीत.

दुसरी भागीदार किंवा फ्रँचायझी लीग. यात संघांची संख्या ठरलेली असते, जागा निवडीने किंवा पैसे भरून मिळते, आणि बक्षिसापलीकडचा मोठा पैसा मुख्यतः इथे असतो. महाराष्ट्रातली दोन उदाहरणं पाहा. मुंबईच्या ‘ग्लोबल ई-स्पोर्ट्स’ची २०२२मध्ये रायट गेम्स कंपनीने व्हॅलोरंट या आपल्या गेमच्या पॅसिफिक लीगसाठी भागीदार संघ म्हणून निवड केली. २०२३च्या हंगामापासून हा संघ आशियातल्या मोठ्या संघांसोबत खेळू लागला. दुसरं पुण्याच्या जेटसिंथेसिसचं. रिअल क्रिकेट या गेमवरची त्यांची ग्लोबल ई-क्रिकेट प्रीमियर लीग मालकांच्या संघांवर उभी आहे आणि तिच्या मुंबईच्या संघाची मालकी २०२५मध्ये सारा तेंडुलकर यांनी घेतली.

तुम्हाला ऑफर देणारा ‘आमचा लीग स्लॉट आहे’ म्हणाला, तर यातली कोणती स्पर्धा, हे पहिल्याच भेटीत विचारा.

बक्षीस सोडून काय काय मिळू शकतं

- सहभागाचं मानधन. संघ लीगमध्ये आहे म्हणून ठरावीक रक्कम, निकाल काहीही लागो. व्हॅलोरंटच्या भागीदार संघांना प्रवेश शुल्क नव्हतं, उलट रायटकडून वार्षिक मानधन होतं. संघाचा पगार-भाडं याच पैशावर चालतं, म्हणून संघमालकाच्या दृष्टीने सगळ्यांत मोलाचं हेच.
- महसुलातला वाटा. लीग जे कमावते त्याचा भाग. यावर खाली सविस्तर लिहिलं आहे.
- गेममधल्या वस्तूंची विक्री. संघाच्या नावाची स्किन (पात्राची किंवा शस्त्राची सजावट), स्टिकर, स्टिकरांची पाकिटं. काउंटर-स्ट्राइक या गेमच्या मेजर स्पर्धांत स्टिकरविक्रीचा निम्मा भाग खेळाडू आणि संघांसाठी ठेवलेला असतो. खेळाडूच्या सहीचं स्टिकर वेगळं असतं आणि त्याचे पैसे खेळाडूच्या वाट्याचे असतात.
- खर्चाची भरपाई. प्रवास, मुक्काम, व्हिसा, जेवण. हातात रोख येत नाही, पण भिवंडीहून हैदराबादला पाच जणांना स्वतःच्या पैशाने जावं लागलं तर घरचं बजेट कसं कोलमडतं, ते तुम्हाला सांगायला नको.
- क्लबसाठीचं साहाय्य. सौदी अरेबियात रियाधला सुरू झालेला ई-स्पोर्ट्स वर्ल्ड कप निवडक क्लबना वर्षभर प्रेक्षक जोडण्यासाठी पैसे देतो. २०२५मध्ये ४० क्लबसाठी हा निधी २ कोटी डॉलरचा होता. त्यात भारतातला एकच क्लब होता, ‘एसएटयूएल’.
- प्रायोजकांना विकायची जागा. जर्सी, प्रक्षेपणातला लोगो, व्हिडिओतला उल्लेख. लीग इथे पैसे देत नाही, पण लीगमध्ये दिसल्यामुळेच ही जागा विकली जाते. २०२२मध्ये बीजीएमआयची मास्टर्स सिरीज स्टार स्पोर्ट्सवर दाखवली गेली, तेव्हा टीव्हीवरच्या लोगोला किंमत आली.

यातली पहिली तीन कलमं भिवंडीतल्या नव्या स्क्वॉडला सध्या लागू होत नाहीत. तुम्हाला कोणी ‘स्किनच्या विक्रीतून महिन्याला इतके मिळतील’ असं सांगत असेल, तर गेमच्या कंपनीने त्या संघाशी तसा करार केल्याचा कागद मागा. बहुतेक वेळा तिथेच बोलणं संपतं.

वाटणी कशी ठरते

लीग ऑफ लेजेंड्स या गेमची अमेरिकेतली लीग २०१८मध्ये फ्रँचायझी झाली, तेव्हा महसुलाची वाटणी उघड जाहीर केली होती: संघांना ३२.५ टक्के, खेळाडूंना ३५ टक्के, उरलेले ३२.५ टक्के लीगकडे. खेळाडूंचा वाटा वेगळा लिहिला होता, म्हणून मी हे उदाहरण प्रत्येकाला देतो. करारात ‘संघाला’ आणि ‘खेळाडूला’ असे दोन वेगळे शब्द आहेत की नाहीत, एवढं तपासलं तरी तुमचं अर्धं काम होतं.

२०२४मध्ये रायटने याच गेमसाठी नवी पद्धत आणली. जगभरची डिजिटल विक्री एका सामाईक निधीत जाते. त्यातला निम्मा भाग पहिल्या श्रेणीतल्या संघांना, ३५ टक्के मैदानातल्या कामगिरीवर, आणि १५ टक्के चाहतावर्ग किती घट्ट जोडला आहे यावर. शेवटच्या १५ टक्क्यांमुळे संघमालक खेळाडूला रोज लाइव्ह यायला, व्हिडिओ करायला का सांगतात, ते कळतं. त्या व्हिडिओंना त्यांच्या हिशेबात किंमत आहे. मग तुमच्या करारातही ती हवी. महिन्याला किती तास लाइव्ह, व्हिडिओ किती, त्याचे पैसे पगारात धरले आहेत की वेगळे, आणि तुमच्या स्वतःच्या यूट्यूब चॅनलचं उत्पन्न कोणाचं, हे आकड्यांत लिहून घ्या. एसएटयूएलसारखा क्लब स्पर्धांइतकाच व्हिडिओंवर मोठा झाला. त्याला ई-स्पोर्ट्स अवॉर्ड्समध्ये सन्मान मिळाला तोही कंटेंट गटासाठी.

तुमच्या हातात येईपर्यंत

एक हिशेब मांडू. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत.

संघाने १० लाखांचं बक्षीस जिंकलं. आयोजकाने ३० टक्के कर कापला, उरले ७ लाख. ऑर्गचा वाटा २० टक्के, म्हणजे १ लाख ४० हजार. उरलेले ५ लाख ६० हजार चार खेळाडू आणि एक राखीव अशा पाच जणांत वाटले, तर प्रत्येकी १ लाख १२ हजार. आता ऑर्गने आपले २० टक्के कर कापण्याआधीच्या १० लाखांवर धरले, तर त्यांचे २ लाख होतात आणि तुमचा वाटा १ लाखावर येतो. एका शब्दाने माणशी १२ हजार रुपये गेले. म्हणून ‘ऑर्गचा वाटा कर कापल्यानंतरच्या रकमेवर’ हे वाक्य करारात हवंच.

जागा कोणाची?

संघ पात्र ठरला, तर ती जागा ऑर्गची की खेळणाऱ्या मुलांची? यावरून २०२३मध्ये मोठा वाद झाला. ‘द गार्ड’ या अमेरिकी संघाच्या मुलांनी व्हॅलोरंटची असेन्शन स्पर्धा जिंकून वरच्या लीगमधली जागा मिळवली. त्यानंतर मालक कंपनीनेच हात झटकले आणि मुदतीत करार झाला नाही. रायटने आधी ती जागा रद्द केली. खेळाडू आणि चाहते खवळल्यावर निर्णय फिरवला आणि मुलांना दुसरी ऑर्ग शोधण्याची मुभा दिली. त्यातले तीन खेळाडू पुढे ‘जीटू’ संघातून लीगमध्ये खेळले. त्या मुलांच्या मागे जगभरचा आवाज होता. तुमच्या मागे तसा आवाज असेलच असं नाही, म्हणून तुमच्या करारात हे वाक्य असू द्या: ऑर्गने सलग दोन महिने पगार थकवला किंवा संघ बंद केला, तर जागा स्पर्धेच्या नियमांत बसेल तितकी खेळाडूंकडे राहील आणि ते कोणतीही रक्कम न भरता मोकळे होतील.

लीगच बंद पडू शकते, हेही धरून चाला. ओव्हरवॉच लीग २०१८मध्ये सुरू झाली, तेव्हा एका जागेची किंमत २ कोटी डॉलर होती. २०२३मध्ये संघांना प्रत्येकी ६० लाख डॉलर देऊन लीग गुंडाळली. आपल्याकडे तर गेमच नाहीसा झालेला तुम्ही पाहिला आहे: पबजी मोबाइलवर सप्टेंबर २०२०मध्ये बंदी आली, बीजीएमआय जुलै २०२२च्या अखेरीस स्टोअरवरून निघाला आणि मे २०२३मध्ये परत आला. मधले दहा महिने पगार मिळणार की नाही, हे ज्यांच्या करारात लिहिलेलं नव्हतं त्यांना मालकाच्या मर्जीवर राहावं लागलं. तुमच्या करारात लिहून घ्या.

सही करण्याआधी या क्रमाने जा

1. करार घरी आणा. ‘आत्ताच सही करा, ट्रान्सफर विंडो बंद होते’ असा लकडा लावला, तरी दोन दिवस मागा.
2. ऑर्ग नेमकी कोण आहे ते पाहा: कंपनी, भागीदारी, की एकाच माणसाचं नाव? पॅन, बँक खात्यावरचं नाव आणि करारावरचं नाव एकच हवं. कंपनी असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर नाव सापडतं.
3. पैशाचं प्रत्येक कलम वेगळं लिहा: पगार, बक्षीस, सहभागाचं मानधन, वस्तूंच्या विक्रीतला वाटा, प्रायोजकांचे पैसे, प्रवासखर्च. एखादं कलम नसेल तर त्यापुढे ‘शून्य’ लिहून घ्या. मोकळी जागा सोडू नका.
4. पैसे लीगकडून आल्यावर किती दिवसांत वाटायचे? ‘लवकरात लवकर’ चालणार नाही, दिवस लिहा. लीगकडून आलेल्या पावतीची प्रत मागण्याचा हक्कही लिहून घ्या.
5. बायआउटची, म्हणजे करार मध्येच सोडण्यासाठी भरायची, रक्कम तुमच्या पगाराशी जुळते का पाहा. महिना १५ हजार पगार आणि सुटायला १० लाख, असा करार करू नका.
6. करार संपल्यावरही ‘वर्षभर दुसऱ्या संघात खेळणार नाही’ अशी अट असेल तर ती काढायला सांगा. धंदा-व्यवसाय करण्यापासून रोखणारी अट भारतीय करार कायद्याच्या कलम २७ नुसार मुळातच टिकत नाही, पण कोर्टात ते सिद्ध करत बसण्यापेक्षा आधी काढलेली बरी.
7. वादाचं कोर्ट कुठलं ते वाचा. दिल्ली किंवा चेन्नई लिहिलं असेल तर ठाणे किंवा भिवंडी मागा. मिळेलच असं नाही, पण मागायला हरकत नाही.
8. महाराष्ट्रात आता करारासाठी किमान ५०० रुपयांचा मुद्रांक लागतो. तो खर्च ऑर्गने करावा. सही केलेली मूळ प्रत किंवा तिचा स्वच्छ फोटो त्याच दिवशी तुमच्याकडे हवा.

मुलगा किंवा मुलगी अठराच्या आत असेल तर

अज्ञान मुलाने स्वतः केलेला करार कायद्याने निरर्थक ठरतो. म्हणजे ऑर्ग त्या सहीवर त्याला बांधून ठेवू शकत नाही, पण त्याच कागदावर तो हक्काने पैसेही मागायला गेला तर अडचण येते. आईवडिलांपैकी एकाने पालक म्हणून सही करावी, पैसे मुलाच्या नावावरच्या खात्यात यावेत, आणि बूटकॅम्पला, म्हणजे संघाच्या निवासी सरावाला, पाठवायचं असेल तर राहण्याचं ठिकाण आधी जाऊन पाहावं. शाळा-कॉलेजच्या परीक्षांचे दिवस करारात नावानिशी सोडवून घ्या. मागितलं तर चांगल्या ऑर्ग देतात, असा माझा अनुभव आहे. जी ऑर्ग ‘शिक्षण नंतर बघू’ म्हणते, तिच्याकडे मुलाला पाठवू नये, असं मी स्पष्ट सांगेन.

फसवणूक कुठे होते

- स्लॉट विकत घ्या. ‘पुढच्या फेरीची थेट जागा, वीस हजारात.’ खुल्या स्पर्धेत जागा खेळून मिळते. पैसे घेऊन विकलेली जागा पकडली गेली तर संघ बाद होऊ शकतो आणि पैसेही जातात.
- अनामत. खेळाडूकडून ‘सुरक्षा ठेव’ किंवा ‘जर्सीचे पैसे’ मागणारी ऑर्ग पैसे कमावते ती तुमच्याकडूनच.
- पैसे लावून कस्टम रूम. प्रत्येकी शंभर टाका, जिंकेल त्याला सगळे. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने मंजूर केलेला ऑनलाइन गेमिंगचा कायदा ई-स्पोर्ट्सला मान्यता देतो. स्पर्धेत उतरण्यासाठीचं किंवा तिच्या व्यवस्थेच्या खर्चापुरतं शुल्क आणि कामगिरीवरचं बक्षीस त्यात बसतं. पण पैज किंवा डाव लावणं बसत नाही. पैशाचे डाव चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंडाची तरतूद आहे. असा रूम तुम्ही स्वतः चालवत असाल तर आजच थांबवा.
- पगाराऐवजी फोन. महागडा फोन देऊन सहा महिने खेळवून घ्यायचं आणि जाताना तो परत मागायचा. फोन बक्षीस, भेट की वापरायला दिलेला, ते लिहा.
- प्रायोजक. पैशाचे डाव चालवणाऱ्या ॲपची जाहिरात करणंही ऑनलाइन गेमिंगच्या याच कायद्याने गुन्हा आहे. जर्सीवर कोणाचं नाव आहे आणि तुमच्या चॅनलवर कोणाचा उल्लेख करायला सांगतात, ते पाहूनच हो म्हणा.

कराचं थोडक्यात

आयोजक बक्षिसावर बहुतेक वेळा ३० टक्के कर कापतात. अशा ‘जिंकलेल्या’ रकमेला किमान सवलतीची मर्यादा लागू होत नाही, आणि नव्या करप्रणालीतली १२ लाखांपर्यंतची सूटही तिला मिळत नाही. पगार किंवा व्यावसायिक मानधन मात्र नेहमीच्या टप्प्यांत मोजलं जातं. म्हणजे वर्षाला तीन लाख मानधन आणि वर्षाला तीन लाख बक्षीस, यांतलं पहिलं हातात जास्त उरतं. ठरलेलं मानधन मागण्याचं हे आणखी एक कारण.

दोन गोष्टी प्रत्येकाने कराव्यात. एक, कर कोणाच्या पॅनवर कापला ते विचारा. ऑर्गच्या पॅनवर कापला असेल तर तुमच्या विवरणपत्रात त्याची वजावट दिसणार नाही. दोन, प्राप्तिकराच्या पोर्टलवर आपला २६एएस आणि वार्षिक माहिती अहवाल वर्षातून दोनदा उघडून पाहा. वर्षभरात २० हजारांहून अधिक किमतीच्या वस्तू मिळाल्या असतील तर त्यावरही १० टक्के कर कापण्याची तरतूद आहे. पहिलं मोठं बक्षीस मिळालं की त्या वर्षी सीए गाठा, त्यात कसर करू नका.

पैसे अडकले तर

आधी ईमेल करा. व्हॉट्सॲपवरचं बोलणं जपून ठेवा, पण मागणी ईमेलवर असावी: कोणती स्पर्धा, कोणती तारीख, किती रक्कम, कोणत्या कलमानुसार. पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं तर लीगच्या आयोजकाला आणि गेमच्या कंपनीला कळवा. त्यांना कोर्टापेक्षा बदनामीची काळजी जास्त असते आणि संघाची पुढची नोंदणी त्यांच्याच हातात असते.

त्यानंतर वकिलाची नोटीस. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर भिवंडी न्यायालयातल्या तालुका विधी सेवा समितीकडे जा किंवा १५१०० वर फोन करा. महिला, अठराखालची मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे अर्जदार यांना उत्पन्न न पाहता मोफत मदत मिळते. इतरांसाठी महाराष्ट्रात वर्षाला ३ लाख रुपयांची उत्पन्नमर्यादा आहे. कराराचे पैसे मागण्याचा दावा साधारणपणे तीन वर्षांच्या आत लावावा लागतो, म्हणून ‘देतो, देतो’ ऐकत दोन हंगाम काढू नका.

तुम्ही चौघांनी मिळून स्वतःचा संघ चालवत असाल आणि प्रायोजकांसाठी व्हिडिओ, प्रसिद्धी अशी सेवा देत असाल, तर उद्यम नोंदणी करून ठेवा. ती मोफत आहे आणि काम घेण्याआधी केलेली चांगली. सूक्ष्म-लघू उद्योगांच्या कायद्यानुसार नोंदणीकृत उद्योगाचं बिल खरेदीदाराने जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचं असतं, नाहीतर बँक दराच्या तिप्पट व्याज लागतं. भिवंडीतले अनेक छोटे कारखानदार याच कायद्याने थकलेलं बिल मागू शकतात, तुम्हीही मागू शकता. बक्षिसाला हा कायदा लागत नाही, दिलेल्या सेवेच्या बिलाला लागतो.

स्लॉट, अनामत, बनावट लीग अशा फसवणुकीत पैसे गेले असतील तर वकिलाआधी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा. पहिल्या काही तासांत तक्रार झाली तर समोरच्या खात्यातली रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त असते. व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, समोरच्याचा यूपीआय आयडी आणि संभाषणाचे स्क्रीनशॉट फोन लावतानाच हाताशी असू द्या.